लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवण्याआधी

मावशीच्या लग्नाची कॅसेट दोन वर्षांपूर्वी एका दुकानात दिली. आठ दिवसांनी चकचकीत डीव्हीडी हातात आली. घरी लावली तर मांडवातली सगळी मंडळी फुगलेली. जुन्या टीव्हीच्या मापाचं चौकोनी चित्र नव्या टीव्हीच्या मापाला आडवं ताणलं होतं. मंगलाष्टकं ऐकूच येईनात, त्या जागी सनई-चौघड्याची तयार रेकॉर्ड चिकटवलेली. आणि अक्षता उडायला लागल्या की चित्राचे बारीक बारीक ठोकळे व्हायचे. मावशी म्हणाली, "अरे, हे माझंच लग्न ना?"

नशीब एवढंच, की कॅसेट परत मागून आणली होती. "आता हिचं काय काम, टाकून द्या," असं दुकानदाराचं मत होतं. मग तीच कॅसेट मी घरी पुन्हा उतरवली. पहिल्या दोन खेपा फसल्या, तिसऱ्यांदा जमलं. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे सांगतो.

'कॅसेट डिस्कवर करून घ्यायची' असं आपण म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. टेपवरचं चित्र आणि आवाज जसाच्या तसा काढून घेणं हे पहिलं, आणि काढलेलं जपून ठेवणं हे दुसरं. डिस्कचा संबंध फक्त दुसऱ्या कामाशी, आणि तिथेही ती एकटी पुरत नाही. पहिलं काम बिघडलं असेल तर पुढे कितीही भारी डिस्क आणा, तुम्ही बिघाडच जपून ठेवत असता.

आता टेपवर नेमकं काय असतं ते पाहू. हे समजलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप समजतात.

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणली. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या काही वर्षांत लग्नाच्या मांडवात फोटोवाल्याच्या जोडीला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरून उभा राहिलेला एक घामाघूम पोरगा दिसू लागला. कॅसेटमध्ये १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच रुंदीची पॉलिस्टरची पट्टी असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण डिंकासारख्या एका थरात बसवलेले असतात. या कणांच्या चुंबकत्वाच्या मांडणीत चित्र असतं.

चित्राला आवाजापेक्षा कितीतरी जास्त माहिती लागते. ऑडिओ कॅसेटसारखी टेप जागच्या जागी बसवलेल्या हेडसमोरून, म्हणजे टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागासमोरून नेऊन चित्र साठवायचं म्हटलं तर ती सेकंदाला जवळजवळ पाच मीटर पळवावी लागेल. तीन तासांच्या लग्नाला पन्नास किलोमीटरहून जास्त टेप! पुण्याहून सोडली तर कामशेतच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास टेप असते.

हे कसं साधलं? शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीची एक अरुंद पट्टी डोळ्यांपुढे आणा. तिला आडवा काप दिला तर तो पट्टीच्या रुंदीएवढाच, दोन बोटं. पण सुरी खूप तिरकी धरली तर तोच काप वीतभर लांब होतो. व्हीसीआरमध्ये हेच करतात. आत ६२ मिलिमीटर व्यासाचा एक गुळगुळीत ड्रम थोडा कललेला बसवलेला असतो. तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या अंगावर समोरासमोर दोन इवलेसे हेड असतात. टेप ड्रमला अर्धा वेढा घालून सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, आणि गरगरणारे हेड तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात. एकेक रेघ सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ०.०४९ मिलिमीटर रुंद, केसाहूनही बारीक.

एका रेघेत अर्धं चित्र असतं. पूर्ण चित्राच्या आडव्या ओळींपैकी एका रेघेत विषम ओळी, दुसरीत सम ओळी. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण. हा अर्ध्या चित्राचा मुद्दा लक्षात ठेवा, दुकानदार नेमका तिथेच घोळ घालतो.

एवढ्या बारीक रेघांच्या हिशोबात धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यातली दरड. टेप थोडी ताणली गेली, व्हीसीआरचा रबरी पट्टा सैल झाला, की ओळी आपल्या ठरल्या वेळेच्या किंचित मागेपुढे पोचतात आणि चित्रातल्या उभ्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलतात. त्यातून दमट हवा. कणांना धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू सुटत जातो. कोकणात, गोव्यात, मुंबईत त्याच्या आधी बुरशीच गाठते.

टेप म्हातारी होतेय, आणि तिला वाचणारं यंत्रही संपत चाललंय. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता जे आहे ते जुनंच. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्ली इथे विचारत फिरलात तर व्हीसीआर उघडून दुरुस्त करणारा एखादा जुना मेकॅनिक अजून सापडू शकतो. मात्र असे मेकॅनिकही दर वर्षी कमी होणार, हे धरून चाला.

कॅसेट हातात घेतली की सर्वांत आधी तिच्या पाठच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तुटलेली आहे का बघा. नसेल तर तोडा. ती असेपर्यंत त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ शकतं आणि चुकीचं एक बटण दाबलं की सप्तपदीवर निळा पडदा. ते परत मिळवायचा कुठलाही उपाय नाही.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतलं रीळ पाहा. कडेला पांढरे ठिपके, भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालायची नाही. बुरशी हेडला चिकटते, टेप फाटू शकते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला तिचा प्रसाद मिळतो. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या. काही घरांत कॅसेटी गोधड्यांसारख्या गच्चीवर उन्हात घालतात. कृपा करून नको. उष्णतेने टेप आकसते, वाकडी होते. उतरवण्याचं काम पावसाळ्यात काढूच नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. कॅसेट आदल्या दिवशीच व्हीसीआर असलेल्या खोलीत आणून ठेवा, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होईल.

आणि हो, दुसरी प्रत शोधा. बहुतेक लग्नांत कॅसेटच्या दोन प्रती काढत, एक मुलाकडे, एक मुलीकडे. दोन्ही अनेकदा स्टुडिओतल्या मूळ कॅसेटच्या नकला असायच्या. अशा कॅसेटची नकल काढली की चित्र थोडं अधिक मळतं, नकलेची नकल आणखी. म्हणून मूळ कॅसेटला जी सर्वांत जवळची प्रत असेल, आणि जी कमी वेळा लावली गेली असेल, ती घ्यायची. आमच्या घरात मावशीच्या सासरची प्रत जवळजवळ नवी निघाली. सासरच्यांनी ती एकदाच पाहिली असावी. आजोळची मात्र पाहुणा आला की लावली जायची, तिची पार रया गेली होती. दुकानात मी नेमकी तीच दिली होती.

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेल्या कॅसेटी ही वेगळी जात. आपल्याकडे पाल पद्धत, ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. तिकडे एनटीएससी, ५२५ ओळी आणि सुमारे ३० चित्रं. साध्या देशी व्हीसीआरवर ती कॅसेट लावली तर चित्र लोळतं किंवा काळं-पांढरं दिसतं. कॅसेट खराब आहे असं समजून फेकू नका, दोन्ही पद्धती वाचणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो.

व्हीसीआर मिळाला की पहिल्यांदा त्यात एखादी टाकाऊ सिनेमाची कॅसेट चालवून बघा. तो टेप खात असेल तर सिनेमाचीच खाऊ दे. हेड साफ करायचे असतील तर कापसाचा बोळा वापरायचा नाही, धागे अडकून हेड तुटतात. धागे न सुटणारा कागद किंवा मऊ चामडं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकं टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही. हात कापत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. मी दिलं.

त्यानंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेलं रीळ मोकळं होतं.

हलणाऱ्या कडांवर एक इलाज आहे. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात, सगळे टीबीसी म्हणतात. शाळेच्या मैदानावर पोरं वेडीवाकडी उभी असली की पीटीचे सर एकेकाला खांद्याला धरून रांगेत आणायचे, तसं हे यंत्र चित्राची प्रत्येक ओळ क्षणभर थांबवून ठेवतं आणि बरोबर ठोक्यावर पुढे सोडतं. एस-व्हीएचएस या सुधारित प्रकारच्या काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. नसेल तर व्हीसीआर आणि संगणकाच्या मधोमध काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर जोडले तरी ते येणारं चित्र बरंच सरळ करून पुढे देतात. त्यावर रेकॉर्डिंग करायचं नाही, नुसतं त्यातून चित्र पार करून घ्यायचं. भंगारात पडलेल्या अशा एका रेकॉर्डरने माझं काम वाचवलं.

व्हीसीआरची पिवळी-लाल-पांढरी वायर संगणकाला लावण्यासाठी कॅप्चर डोंगल लागतो. आपली पहिली चूक बहुधा इथे होते. अगदी स्वस्त डोंगल टेपचं डळमळीत चित्र पाहून मधली चित्रं गाळतात. सुरुवातीला काही कळत नाही. तासाभराने मात्र भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागून येतो. म्हणून आवाज जुळतो की नाही हे कॅसेटच्या शेवटच्या भागात तपासा. नारळ फोडण्यासारखा, दिसतो आणि वाजतोही असा क्षण शोधायचा.

चित्राचं माप ७२० बाय ५७६ ठेवायचं आणि दाखवताना चाराला तीन या प्रमाणातच. ताणायचं नाही. आता तो अर्ध्या चित्राचा मुद्दा. विषम आणि सम ओळींची दोन अर्धी चित्रं संगणकाच्या पडद्यावर एकत्र दिसली की हलत्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. ते दिसू नयेत म्हणून पुष्कळजण दर वेळी एक अर्धं चित्र सरळ टाकून देतात. दात जातात, पण त्याबरोबर निम्मी हालचालही जाते, आणि वरात उड्या मारत पुढे सरकल्यासारखी दिसते. मूळ फाईलमध्ये दात राहू द्या. मोबाईलवर बघण्याची प्रत काढताना प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र तयार करून सेकंदाला ५० चित्रं ठेवायची. हे करणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत.

चित्राच्या तळाशी एक फाटकी, थरथरती पट्टी दिसेल. घाबरू नका. एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जातं त्या सांध्याची ती खूण. ती तेव्हाही होती, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

कॅसेट अगदी शेवटपर्यंत चालू द्या. पाठवणी झाली की थांबवू नका. मावशीच्या कॅसेटमध्ये पाठवणीनंतर बराच वेळ पडद्यावर नुसत्या मुंग्या, वळवळणारे ठिपके आहेत आणि त्यापुढे कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या दूरदर्शनच्या बातम्यांचा तुकडा आणि दोन जाहिराती. दुकानातल्या डीव्हीडीत यातलं काहीच नव्हतं.

आता फाईल कशी ठेवायची. काहीही न गमावता फाईल दाबून लहान करणारे प्रकार असतात, एफएफव्ही१ हा त्यातला एक. पुराभिलेख सांभाळणाऱ्या संस्थाही तो वापरतात. त्यात तासाला ढोबळमानाने २५ ते ३५ जीबी जागा जाते. तीन तासांच्या कॅसेटला शंभरेक जीबी. ऐकायला जास्त वाटतं, पण एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा नऊ-दहा कॅसेटी मावतात, आणि घरात महत्त्वाच्या कॅसेटी त्याहून फार जास्त नसतात. सगळ्याच कॅसेटींना एवढा मान द्यायची गरज नाही. चाळीतल्या गणपतीच्या चार तासांच्या चित्रणाला एच.२६४ या जास्त दाबणाऱ्या प्रकारात सेकंदाला ८ मेगाबिटने केलेली, तासाला ३.६ जीबीची फाईल पुरते.

आता डीव्हीडीचा हिशोब बघा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. तीन तास कोंबायचे तर आवाजासकट सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. डीव्हीडीची एमपीईजी-२ पद्धत 'मागच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही' या काटकसरीवर चालते. जुन्या टेपवर मात्र दाणेदार मुंग्या सतत वळवळत असतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी प्रत्येक क्षणी काहीतरी बदललेलं असतं. बिचारी काटकसर कोलमडते आणि ठोकळे पडतात. अक्षता म्हणजे तर मुंग्यांवर तांदूळ. डीव्हीडीच करायची असेल तर एका डिस्कवर दीड तासापेक्षा जास्त घालू नका, तीन तासांच्या दोन डिस्का होऊ द्या.

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या एका थरात असते. उन्हाने, उकाड्याने तो फिका पडतो. कारच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क एका उन्हाळ्यात गारद होऊ शकते, कपाटात नीट ठेवलेली अनेक वर्षं टिकू शकते, आणि हलक्या प्रतीची असेल तर काहीच सांगता येत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. लिहून झाल्यावर ती 'फायनलाइझ' केली आहे ना विचारा, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर लागणार नाही. एम-डिस्क नावाचा टिकाऊ प्रकार मिळतो. त्यात रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो आणि तो लिहायला त्याला चालणारा रायटर लागतो. १००० वर्षांचा दावा आहे. असेल. पण ती वाचणारा ड्राइव्ह नातवंडांना कुठून मिळणार? बहुतेक नव्या लॅपटॉपना डिस्कची फट आजच नसते. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणंही थांबवलं. कॅसेटची जी गत झाली त्याच वाटेवर डिस्क आहे, फक्त थोडी मागे. म्हणून डिस्क ही टीव्हीवर लावायची सोय समजा. शिवाय एक जादा प्रत झाली तर झाली.

जपणुकीचा जुना नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या गावात. पेनड्राइव्ह यात धरू नका, तो ने-आण करण्यापुरता.

छोट्या कॅमेऱ्यांच्या कॅसेटींबद्दल थोडक्यात. १९८५ नंतरच्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ या आठ मिलिमीटरच्या टेपांना वरचं जवळजवळ सगळं लागू पडतं, फक्त व्हीसीआरऐवजी त्यांचा कॅमेरा लागतो. १९९५ नंतरची मिनी-डीव्ही वेगळी. तिच्यावरचं चित्र आधीच डिजिटल आहे. ती पिवळ्या वायरने उतरवणं म्हणजे छापील पुस्तक समोर असताना ते कुणाकडून तरी ऐकून लिहून घेण्यासारखं. फायरवायर नावाच्या वायरने तिच्यावरचे आकडे जसेच्या तसे फाईलमध्ये येतात, तासाला सुमारे १३ जीबी. त्या वायरचा खाचा नव्या संगणकांना नसतो, जुना शोधावा लागेल.

हे सगळं करायला वेळ नसेल आणि दुकानातच द्यायचं असेल तर काही हरकत नाही, पण बोलणं आधी करा. मला फाईल हवी, डिस्क नंतर बघू. चित्र ताणू नका. मूळ आवाज काढू नका, गाणं घालू नका. कोपऱ्यात नाव नको. कॅसेट परत हवी. आधी दहा मिनिटांचा नमुना दाखवा. हे ऐकून जो वैतागेल त्याला कॅसेट देऊ नका.

एक काम कुठल्याच यंत्राला जमणार नाही. चित्रातली माणसं कोण, हे. चित्रण उतरल्यावर मावशीला आणि मोठ्या मामांना शेजारी बसवून मी ते लावलं आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. पंगतीत तूप वाढणारा धोतरातला माणूस दोघांनाही वेगवेगळा वाटला. वाद अजून मिटलेला नाही, फाईलसोबतच्या टिपणात दोन्ही नावं लिहून ठेवलीत. फाईलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग असं द्या. 'नवीन व्हिडिओ फायनल २' या नावाने तुमची मुलं काहीही शोधू शकणार नाहीत.

मूळ कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डब्यात, पुस्तकासारखी उभी ठेवली आहे, स्पीकरपासून लांब. मोठी फाईल दोन हार्ड डिस्कवर आहे, एक माझ्याकडे, दुसरी मावसभावाकडे कोल्हापुरात. दिवाळीच्या साफसफाईत दोघंही आपापली डिस्क जोडून ती उघडते का बघतो. डीव्हीडीच्या दोन डिस्का मावशीच्या टीव्हीखाली आहेत. ती मात्र मोबाईलवरची लहान प्रतच बघते, तीही पंगतीपासून पुढची. विधी तिला तेव्हाही कंटाळवाणे वाटले होते म्हणे.